ठाऊक असलेली भरती

आमच्याकडे जुन्या माणसाला भरतीची वेळ विचारली, तर तो आधी तिथी कोणती ते विचारतो. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की झाली वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी भरणार. पौर्णिमेला सव्वाअकरा. थोडंफार मागेपुढे होतं, खाडीत आत गेलं की आणखी उशीर होतो, पण हिशोब चुकत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती, हेही ठरलेलंच.

एवढं सगळं आधीपासून ठाऊक असतं. तरी श्रावणातल्या उधाणाला माणसं धक्क्यावर येऊन उभी राहतात. पर्यटक सोडा, जन्म इथेच गेलेली माणसं. पाणी पायऱ्या कसं चढतं ते बघत अर्धा अर्धा तास उभी असतात आणि कुणी फारसं बोलत नाही.

मला जे संगीत सगळ्यात जवळचं वाटतं, ते याच जातीचं आहे. पुढे काय होणार ते ठाऊक असतं आणि तरीही ते अंगावर येतं. त्याला पोस्ट-रॉक म्हणतात. 1994 साली सायमन रेनॉल्ड्स या इंग्लिश समीक्षकाने बार्क सायकोसिस या बँडबद्दल लिहिताना हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. वाद्यं रॉकचीच, गिटार, बास, ड्रम्स. काम मात्र वेगळं. गिटारवर आकर्षक तुकडा वाजवून लोकांना डोलायला लावायचं नाही, तिच्यातून नुसता ध्वनीचा पोत काढायचा. शब्द बहुतेक वेळा नसतातच. एकेक रचना आठ, दहा, वीस मिनिटांची. ग्लासगोचा मॉग्वाय, माँट्रियलचा गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर, टेक्सासमधल्या ऑस्टिनचा एक्सप्लोजन्स इन द स्काय, टोकियोचा मोनो, आइसलँडचा सिगुर रोस ही त्यातली मोठी नावं. आपल्याकडचा ॲजवीकीपसर्चिंग हिंदी शब्द घेऊन याच वाटेने गेला. हे मूठभर लोकांचं वेड आहे असं कुणाला वाटत असेल, तर 2021 मध्ये मॉग्वायचा अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता.

एक्सप्लोजन्स इन द स्कायचा 2003 सालचा अल्बम घ्या. त्यात पाचच रचना आहेत. पहिलीचं नाव 'फर्स्ट ब्रेथ आफ्टर कोमा'. सुरुवातीला गिटारचा एकच स्वर पुन्हा पुन्हा वाजत राहतो आणि त्याच्याखाली ड्रमचा खोल, दबका ठोका. बस्स, एवढंच. बराच वेळ दुसरं काही येत नाही. मग दुसरी गिटार पहिलीच्या बाजूला येऊन बसते, तीही आवाज न करता, पाहुण्यांच्या घरात आल्यासारखी. तिसरी कधी आली ते मला आजवर एकदाही पकडता आलेलं नाही. मुद्दाम लक्ष ठेवून ऐकलं, तरी भान येतं तेव्हा ती आधीच वाजत असते.

हा अनुभव मला आमच्या जेटीवर आधीपासून ओळखीचा होता. जेटीच्या खालच्या पायऱ्यांना कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या पांढऱ्या धारदार कडा ओहोटीला उघड्या पडतात. भरती लागली की मी एक पायरी धरून बसते. ही बुडताना बघायचीच. पाणी तिच्या कडेला येतं, मागे जातं, पुन्हा येतं, पुन्हा मागे. तेवढ्यात पलीकडे खुंटावर बगळा बसतो, नजर जाते, परत येते, तर पायरी नाही. तिच्या वरची सुद्धा निम्मी ओली झालेली असते. पाणी चढतं ते असं, आपल्या नजरेच्या फटीतून. चांगलं पोस्ट-रॉक याच फटीत काम करतं. बदल दाखवत नाही, होऊन गेल्यावर कळवतं.

या संगीतावरचा आक्षेप जुना आहे. सगळं सारखंच, असं लोक म्हणतात. हळू सुरू होणार, वाढत जाणार, कडेलोट होणार, विझणार. वर्णन बरोबर आहे. पण त्याला दोष का म्हणायचं, हे मला पटत नाही. पुढचं ठाऊक असणं म्हणजे रस संपणं, ही समजूत गोष्टीच्या बाबतीत कदाचित खरी असेल, संगीताच्या बाबतीत नाही. तराणा द्रुतात जाणार हे गायकाइतकंच श्रोत्यालाही माहीत असतं. समेवर यायचंय हे माहीत असतं म्हणूनच समेवर मान डोलते. ठाऊक नसतं ते एवढंच, की आज ते कसं येईल, आणि आपण कुठल्या अवस्थेत त्याला सापडू.

उलट, दचकवणारं पोस्ट-रॉक माझ्या मनात टिकत नाही. मॉग्वायच्या 1997 सालच्या पहिल्या अल्बममध्ये 'लाइक हेरड' आहे. त्यात खालच्या पट्टीतली गिटार इतकी हलकी होत जाते की माणूस आवाज वाढवतो, आणि नेमका तेव्हा गिटारचा लोंढा कानावर कोसळतो. पहिल्यांदा ऐकताना काळीज थाडकन उडालं होतं. पण त्याच अल्बमचा शेवट करणाऱ्या 'मॉग्वाय फिअर सेटन'कडे मी पुन्हा पुन्हा वळते. सोळा मिनिटं, मोजके तीन-चार स्वर, आणि मध्येच बासरी. त्यात दचकण्यासारखं काही नाही आणि त्याला अंतही नको वाटतो.

खोट असते ती घाईत. शेवटचा कडेलोट गाठायचाय म्हणून आधीची मिनिटं उरकणारे बँड पुष्कळ आहेत. कान ते लगेच ओळखतो, कारण शांत भागात ऐकण्यासारखं काही नसतं, नुसतं हळू वाजवलेलं असतं. आणि यातही सगळ्यात वाईट गत केली ती ड्रोनच्या व्हिडिओंनी. नारळाच्या शेंड्यांवरून कॅमेरा सुटतो, किल्ल्याच्या तटापर्यंत जातो, निळं पाणी, पांढरी वाळू, आणि मागे असल्याच कुठल्यातरी रचनेचा शेवटचा अर्धा मिनिट. सात मिनिटांची चढण कापून टाकलेली. मला त्या व्हिडिओंचा मनापासून राग येतो. ते संगीत कापतात आणि त्याच कात्रीने कोकणही कापतात. त्यांच्या किनाऱ्यावर नेहमी भरतीच असते.

ओहोटीचा किनारा दिसायला चांगला नाही, हे खरं. काळा चिखल, अडकून बसलेली होडी, जाळ्याचे तुकडे, वास. पण आमच्या किनाऱ्यावर बरंचसं पोट ओहोटीवर चालतं. पाणी उतरलं की बायका लुगडं खोचून खडकांवर येतात. हातात लोखंडी कोयतं. कालवाच्या शिंपल्याची वरची झाकणी एका टोल्यात उडवायची, आतला मऊ गर टोकाने उचलून भांड्यात टाकायचा, की लगेच पुढचं. टक्, टक्, टक्, वेगवेगळ्या खडकांवरून, प्रत्येकीचा ठोका निराळा. मुळे-तिसऱ्या हे शिंपले काढणाऱ्या आणखी पुढे, गुडघाभर पाण्यात. भरती लागायच्या आत भांडं भरायचं असतं. त्या वेळेला कुणी रिकामी वेळ म्हणणार नाही.

शांत भाग ऐकायचा तो या बायकांसारखा, असं मला वाटतं. पुढच्या भरतीची वाट बघत नव्हे. आत्ता खडकावर जे आहे ते वेचत.

याचा सर्वोत्तम नमुना पोस्ट-रॉक हा शब्द निघण्याच्या आधीचा आहे. टॉक टॉक हा लंडनचा बँड. 1984 मध्ये 'इट्स माय लाइफ' गाऊन नाचायला लावणारा, सिंथेसायझरवर चालणारा. 1988 मध्ये त्यांनी 'स्पिरिट ऑफ ईडन' काढला आणि आधीचं सगळं मागे टाकलं. स्टुडिओ अंधारा करून कित्येक महिने काम चाललं. वादक यायचे, मनाला येईल तसं वाजवायचे, आणि त्या ढिगातून गायक मार्क हॉलिस आणि निर्माता टिम फ्रीज-ग्रीन यांनी मोजके क्षण निवडून जोडले. बाकीचं टाकून दिलं. सुरुवातीलाच ट्रंपेट, मग लांबवर कसलासा खरखराट, आणि पहिला शब्द यायला दोन मिनिटांहून जास्त वेळ. वाद्यं येतात ती सुद्धा जागा मागून. 1991 मध्ये 'लाफिंग स्टॉक', 1998 मध्ये हॉलिसचा एकट्याचा अल्बम, आणि मग 2019 मध्ये तो जाईपर्यंत जवळपास पूर्ण मौन. त्याच्याकडे आणखी सांगण्यासारखं नव्हतं असं मला वाटत नाही. पुरेसं सांगून झालं हे ज्याला कळतं, असे कलाकार फार थोडे.

'लाफिंग स्टॉक' मी मे महिन्यात सड्यावर ऐकते. पायाखाली उघडा जांभा दगड, तापून काळा पडलेला, क्षितिजापर्यंत एक झुडूप नाही. बाहेरून आलेल्या माणसाला तिथे काही दिसत नाही. त्याच कातळावर ऑगस्टमध्ये निळ्या-जांभळ्या फुलांचा गालिचा उठतो, आणि त्याच कातळावर कुणी हजारो वर्षांपूर्वी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवलीत. मेमध्ये ऊन तिरपं झालं की त्या खोदलेल्या रेषा थोडा वेळ सावलीने भरतात आणि चित्र वर येतं. भर दुपारी त्याच रेषेवर पाय पडला तरी कळत नाही.

आवाज कमी असताना ऐकण्याचे दिवस आमच्या बंदराला सरकारी नियमानेच मिळतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद. होड्या वर ओढून शाकारलेल्या. एरवी पहाटे तीनपासून इंजिनांची धडधड असते, ती या दोन महिन्यांत नसते. पावसाचा मारा चालू असताना मात्र हे संगीत ऐकू नये. कौलांवर आणि पत्र्यावर पडणारा पाऊस सगळ्या पट्ट्यांत एकदम आवाज करतो, त्यात हलके स्वर बुडून जातात, आणि मग माणूस आवाज वाढवत सुटतो. पाऊस उघडायचा, पागोळ्या सावकाश व्हायच्या, बेडकांनी तोंड उघडायच्या आधीची ती दहा-वीस मिनिटं. गॉडस्पीडच्या 2000 सालच्या अल्बमची पहिली रचना 'स्टॉर्म' साडेबावीस मिनिटांची आहे. नऊ जण वाजवतात, गिटार, व्हायोलिन, चेलो, दोन ड्रमर. ती एका उघडिपीत मावता मावता राहते. शेवटाकडे नवी सर आलेली असते.

शब्द नसण्याबद्दल लोक मला नेहमी विचारतात. अर्थ काय लावायचा? मराठी माणसाला गाणं म्हणजे कविता. भावगीत, नाट्यपद, अभंग, सगळीकडे शब्द आधी. पण हाच माणूस शिमग्यात ढोलाला अर्थ विचारत नाही. देवळातली नौबत काय म्हणते असं कुणी पुजाऱ्याला विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. सिगुर रोसने 2002 मध्ये एक अल्बम काढला, ज्याचं नाव फक्त दोन रिकामे कंस. आठ रचना, एकीलाही नाव नाही. गाणारा योन्सी गातो, पण कुठल्याच भाषेत नाही, नुसते उच्चार. सोबतच्या पुस्तिकेची पानं कोरी, ऐकणाऱ्याने स्वतःचे शब्द लिहावेत म्हणून. मधोमध छत्तीस सेकंद काहीच नाही, आणि मग दुसरा, काळवंडलेला अर्धा भाग. माझ्या आजीच्या शेवटच्या पावसाळ्यात मी तो सतत ऐकायचे. ती बोलत होती तेही शेवटी शेवटी शब्द राहिले नव्हते, पण हाताला धरून ती काय म्हणतेय ते आम्हाला कळायचं. त्या अल्बमची आठवी रचना लागली की आजही मला पुढे ऐकवत नाही, आणि मी बंदही करत नाही.

आता बुवांची गोष्ट सांगते, कारण या संगीताबद्दल मला सगळ्यात नेमकं कुणी सांगितलं असेल तर त्यांनी.

आमच्या वाडीतले भजनी बुवा. पेटी त्यांची, आवाज त्यांचा, डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, तालुक्यात नाव. गणपतीत आमच्याकडे भजन झालं, काळ्या वाटाण्याची उसळ आणि चहा झाला, मंडळी पुढच्या घराकडे निघाली आणि बुवा जरा टेकले. माझा मुंबईचा मावसभाऊ आला होता, तो गिटार वाजवतो. त्याने हेडफोन पुढे केला. "बुवा, ऐकून बघा." लावलं ते एक्सप्लोजन्स इन द स्कायचं 'द ओन्ली मोमेंट वी वेअर अलोन', दहा मिनिटांचं. बुवांनी डोळे मिटले. बोटं मांडीवर ताल शोधत होती. चार-पाच मिनिटांनी एक डोळा उघडून म्हणाले,

"गजर कधी येतलो गो बाय?"

"येतोय, बुवा. थांबा."

थांबले. शेवट आला, सगळ्या गिटार, सगळे ड्रम्स. बुवांनी हेडफोन काढला, नीट घडी घालून ठेवला. बरं वाटलं म्हणाले. मग म्हणाले, "लय थयच आसा. आवाज तेवढो वाढता."

इतकी वर्षं ऐकून माझ्या हे ध्यानात आलं नव्हतं. भजनात वर चढायचं ते लय वाढवून. अभंग ठायीत सुरू होतो, पखवाज एकेक पायरी वर नेतो, झांजा दाट होतात, आणि गजराला पोचेपर्यंत लय कुठल्या कुठे गेलेली असते. बुवांच्या कानाला चढण म्हणजे तीच. एक्सप्लोजन्स काय किंवा मोनो काय, यांची चढण बहुधा थरांची असते. लय जागच्या जागी, तिच्यावर आवाज रचत न्यायचे. एका ठिकाणी काळ आकसत जातो, दुसऱ्या ठिकाणी काळ तसाच राहून भरत जातो. दोन्हीकडे शेवट ठाऊक असतो. शरीराला मात्र दोन्हींचं वेगळं काहीतरी होतं. गजरात माणूस उठून नाचतो. थरांच्या चढणीत माणूस जागच्या जागी बसून राहतो आणि आतून उचलला जातो.

मग मी त्यांना गॉडस्पीडचं 'ईस्ट हेस्टिंग्ज' ऐकवलं, मधला भाग. तिथे एक साधा तुकडा फिरत राहतो आणि हळूहळू खरोखर पळायला लागतो. बुवांची बोटं पहिल्यांदा थांबली, मग पळाली. "हां. आता धरल्यानी लय."

मावसभावाला चैन पडेना. त्याने पडवीत गिटार काढली. छोटा अँप, एक डिले पेडल. हे पेडल म्हणजे या संगीताचा अर्धा जीव. वाजवलेला स्वर ते साठवतं आणि थोड्या वेळाने परत सोडतं, मग पुन्हा, पुन्हा, दर वेळी फिकट. किती वेळाने सोडायचं, किती वेळा आणि किती मोठ्याने, याचे वेगवेगळे नॉब. एका तारेवर एक स्वर काढला की त्याची रांग लागते, आणि त्या रांगेच्या फटींत पुढचा स्वर बसवला की दोन हातांत चार हातांचं वाजवणं होतं. पखवाजवाला मुलगा मागे राहिला होता, तो बसला. बुवांनी पेटी पुढे ओढली.

पहिली दोन मिनिटं आमच्या पडवीत जे काही झालं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. पेटीचा लांबवलेला षड्ज, त्यावर गिटारची परतणारी थेंबाथेंबांची रांग, खाली पखवाजाची डावी बाजू. आतून आई बाहेर येऊन दारात उभी राहिली. मग पखवाजाने सवयीप्रमाणे लय वाढवायला घेतली, आणि सगळं विस्कटलं. कारण पेडलचा काळ ठरलेला. माणसं पुढे गेली तरी रांगेतले स्वर आपल्या जुन्याच वेळेला परतत राहिले, तालाच्या मध्येच पाय घालायला लागले. पुन्हा करून बघितलं, पुन्हा तसंच. मला तेव्हा वाटून गेलं, की इतके बँड लय न हलवता थर चढवतात, त्यात या यंत्राचाही हात असणार. परतणाऱ्या स्वरांनी तालाशी जमवून घ्यायचं तर ताल बांधून ठेवावा लागतो.

यावर उपाय असतो, मावसभाऊ म्हणाला. पायाने ठोके देत काळ बदलता येतो अशी पेडलं मिळतात. तुम्ही लय वाढवत जा, पायाने ठोका देत जायचं, परतणारे स्वरही तुमच्या मागे पळतील. फक्त वाजवता वाजवता ठोका बरोबर देणं कठीण, हात आणि पाय एकमेकांना चुकवतात. पुढच्या गणपतीला तसलं पेडल घेऊन येतो, आणि तोवर सराव करतो.

बुवा उठता उठता ते पेडल वाकून नीट बघत होते. कुठे दाबायचं, किती जोर लागतो, सगळं विचारून घेतलं. मग चप्पल सरकवत म्हणाले, "सराव कित्याक? तू घेऊन ये. पाय माझो, गिटार तुझी."